स्पोर्टिंग डायरेक्टर कोण नेमावा: माजी फुटबॉलपटू की विश्लेषक?

स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणजे फुटबॉल क्लबच्या खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार पाहणारा माणूस. तो नेमताना संचालक मंडळापुढे शेवटी दोन नावं उरतात. एक क्लबचा जुना, प्रेक्षकांचा लाडका खेळाडू. दुसरा विश्लेषक: वरिष्ठ संघात कधीच न खेळलेला, पण खेळाडू निवडण्याच्या कामात मुरलेला. पहिल्याकडे कल झुकणं साहजिक आहे, पण आधी त्या खुर्चीवर काय काम असतं ते पाहू.

समोरच्या खेळाडूला वळवण्यात माजी खेळाडूचा हात कोणी धरू शकत नाही. २०१९ मध्ये पाओलो माल्दिनी, इटलीतल्या मिलान क्लबचा माजी कर्णधार आणि तेव्हा तिथला संचालक, स्वतः इबिझाला जाऊन तेओ एर्नांदेझला भेटला आणि हा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) मिलानला आला. एजंटच्या दहा फोननी हे साधत नाही. प्रशिक्षकही माजी खेळाडूशी मोकळेपणानं बोलतो.

हिशेबाची वही मात्र वेगळीच गोष्ट आहे. समजा, ५ कोटी युरो देऊन खेळाडू घेतला, करार ५ वर्षांचा, वार्षिक पगार ६० लाख. ट्रान्सफर फी, म्हणजे आधीच्या क्लबला दिलेली रक्कम, हिशेबात करारभर वाटली जाते, म्हणजे वर्षाला १ कोटी फीचे आणि ६० लाख पगाराचे. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत, म्हणजे फीचा अजून खर्चात न धरलेला भाग, ३ कोटी उरते; अडीच कोटींना विकला तर ५० लाखांचा तोटा. युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्या क्लबना २०२५-२६ पासून पगार, हा वाटलेला खर्च आणि एजंटची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवावी लागते. माजी खेळाडू चुकतो तो बहुतेकदा इथे: तिशीतल्या आवडत्या खेळाडूला भावनेपोटी लांब करार देतो. तिकडे तरुणाच्या कराराची दोन वर्षं उरलेली असताना निर्णय टाळला, तर शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी बोलून फुकट निघून जातो.

विश्लेषकाची बाजू दाखवणारा व्यवहार २०१७ चा. इटलीच्या रोमा क्लबनं मोहम्मद सलाहला ४.२ कोटी युरोंना, बोनस वेगळा, इंग्लंडच्या लिव्हरपूलला विकलं, आणि तिथे तो मोठा स्टार ठरला. विकणारा रोमाचा स्पोर्टिंग डायरेक्टर मोंची, स्पेनच्या सेव्हिया क्लबचा माजी गोलरक्षक. घेणारा लिव्हरपूलचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स, विश्लेषणातून वर आलेला. पण यावरून मोंचीला कमी लेखणं चूक ठरेल. आर्थिक नियमांमुळे रोमाला ३० जूनच्या आत विक्री करणं भाग होतं.

सेव्हियात स्पोर्टिंग डायरेक्टर असतानाची मोंचीची पद्धत तर अभ्यासण्यासारखी आहे. हंगामाच्या पहिल्या पाच महिन्यांत स्काउट (खेळाडू हेरणारी माणसं) कोणताही ठरावीक खेळाडू न शोधता आपापल्या लीग पाहायचे आणि दर महिन्याला प्रत्येक लीगचा सर्वोत्तम अकरा बनवायचे. त्यात वारंवार येणारी नावं डिसेंबरपासून वेगवेगळ्या परिस्थितीत तपासली जायची: घरच्या मैदानावर, बाहेर, राष्ट्रीय संघातून. जागा रिकामी झाली की यादी तयारच. इथे त्याच्या गोलरक्षणापेक्षा शिस्त कामी आली.

म्हणून आमचं मत माजी खेळाडूच्या बाजूनं, पण एका अटीवर: त्याच्या शेजारी हिशेबाचा आणि स्काउटिंगचा पक्का माणूस हवा. मिखाएल झोर्क आयुष्यभर जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबसाठी खेळला आणि १९९८ ते २०२२ क्रीडा विभाग सांभाळत होता; पण २०१० मध्ये जपानी खेळाडू शिंजी कागावा अवघ्या साडेतीन लाख युरोंत आला, त्यामागे स्काउट स्वेन मिसलिंटाटची नजर होती. असा जोडीदार देणं परवडत नसेल, तर सरळ विश्लेषक घ्या आणि ड्रेसिंग रूमशी बोलायला जुना खेळाडू सल्लागार ठेवा.

खरेदीवर अंतिम सही कोणाची, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा. माल्दिनीनं मिलानला २०२१-२२ ची इटालियन लीग जिंकून दिली, तरी मालकांशी मतभेद होऊन जून २०२३ मध्ये त्याला जावं लागलं.

मुलाखतीत आठवणी विचारू नका. संघाची यादी वय, पगार आणि करार संपण्याच्या तारखेसह समोर ठेवा, एक तास द्या आणि विचारा: येत्या ट्रान्सफर विंडोत (खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या काळात) कोणते तीन विकाल, कितीला, आणि त्यांच्या जागी कोण?