एक्लिप्स मायलिनमधून ट्रॅक सर्व्हर: काही महिने वापरून झाल्यावर

ट्रॅक या बग-नोंदणीच्या सर्व्हरवरची तिकिटं (कामांच्या आणि बगच्या नोंदी) एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनातच उघडायची, बदलायची आणि बंद करायची, यासाठी एक्लिप्सच्या मायलिन या प्लगइनचा ट्रॅक कनेक्टर. जोडणी नीट बसली की काम चोख होतं, ब्राउझर उघडावा लागत नाही. डोकेदुखी आहे ती जोडणी बसेपर्यंतची.

मायलिनमध्ये सर्व्हरची माहिती भरताना सगळ्यात फसवा पर्याय म्हणजे ॲक्सेस टाइपमधला 'ऑटोमॅटिक'. 'व्हॅलिडेट सेटिंग्ज' दाबलं की लॉगिन बरोबर आहे असं दिसतं आणि पुढे बारीक अक्षरांत सूचना येते: एक्सएमएल-आरपीसीची परवानगी अपुरी, म्हणून वेबवर जातोय. एक्सएमएल-आरपीसी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला ट्रॅकशी थेट बोलायची सोय, पण ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. मग तिकिटांची यादी येते, पण संपादकात बदल करता येत नाहीत आणि लोक प्लगइन बिघडलं म्हणून एक्लिप्स पुन्हा टाकत बसतात. त्यापेक्षा सरळ 'एक्सएमएल-आरपीसी' निवडावं. अडचण असेल तर निदान ती समोर तरी येते.

एक्सएमएल-आरपीसी ट्रॅकच्या मूळ संचात नसतं. सर्व्हरवर वेगळं प्लगइन टाकून ते ट्रॅकच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमधल्या 'कंपोनंट्स' विभागात चालू करावं लागतं, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो आणि लॉगिन केलेल्या गटाला 'एक्सएमएल-आरपीसी' ही परवानगी द्यावी लागते. शेवटची पायरीच हमखास राहते. तपासायचं असेल तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून प्रकल्पाच्या पत्त्यापुढे 'आरपीसी' जोडा. मेथडींची (प्लगइनला देता येणाऱ्या आज्ञांची) यादी दिसली तर ठीक. ४०४ आलं तर प्लगइन लोडच झालेलं नाही, ४०३ आलं तर परवानगी नाही.

ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत आणि मायलिनमध्ये मात्र ४०१ (लॉगिन मान्य नाही), असं झालं तर लॉगिनची पद्धत बघा. ट्रॅकच्या अकाउंट मॅनेजर प्लगइनचा फॉर्म असेल, तर मायलिन एचटीटीपी बेसिक पद्धतीने (विनंतीच्या हेडरमध्येच नाव-पासवर्ड घालून) पाठवतो ती ओळख एक्सएमएल-आरपीसीच्या विनंतीत ट्रॅकला समजत नाही. त्यासाठी एचटीटीपी-ऑथ प्लगइनची जोड लागते. ते टाकूनही ४०१ जात नसेल आणि ट्रॅक अपाचे वेब सर्व्हरवर मॉड-डब्ल्यूएसजीआय या मॉड्यूलमधून चालत असेल, तर तिथे ऑथरायझेशन हेडर पुढे पाठवायचं सेटिंग मुळात बंद असतं. ते 'ऑन' करा.

सर्व्हरचा पत्ता सुरुवातीपासून एचटीटीपीएसनेच द्या. साध्या एचटीटीपीवरून ३०१ किंवा ३०२ने वळवलं गेलं की माहिती पाठवणारी 'पोस्ट' विनंती वाटेत नुसती मागणारी 'गेट' होऊ शकते. आतला एक्सएमएल गळतो आणि त्रुटी येते ती भलतीच.

स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र असेल तर ते जावाच्या 'कॅसर्ट्स' या विश्वासू प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये कीटूल या जावाच्याच कमांडने घालावं लागतं. इथे बऱ्याच जणांचा अर्धा दिवस जातो, कारण एक्लिप्सची पॅकेजेस २०२० पासून स्वतःचा जावा सोबत आणतात आणि प्रमाणपत्र मात्र यंत्रावरच्या दुसऱ्याच जावात घातलेलं असतं. 'अबाउट'मधल्या 'इन्स्टॉलेशन डीटेल्स'मध्ये 'कॉन्फिगरेशन' टॅब उघडून 'जावा डॉट होम'ची ओळ वाचा. प्रमाणपत्र तिथल्या 'कॅसर्ट्स'मध्येच गेलं पाहिजे.

४०७ आलं तर अडवणारा प्रॉक्सी (नेटवर्कचा मधला सर्व्हर) आहे, ट्रॅक नाही. प्रेफरन्सेसमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये 'मॅन्युअल' करा, आणि सर्व्हर आतल्याच नेटवर्कवर असेल तर त्याचं नाव बायपासच्या यादीत टाका.

सगळं जुळल्यावर, एरवी नीट चालणारी क्वेरी (तिकिटांची जतन केलेली शोधयादी) अचानक सिंक होईनाशी झाली तर एरर लॉग उघडा. तिथे एक्सएमएल वाचता न आल्याची तक्रार असेल, तर कुणीतरी टर्मिनलमधून मजकूर चिकटवताना न दिसणारं कंट्रोल अक्षर तिकिटात आलेलं असू शकतं. एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि ओळ बदलणारी दोन सोडली तर ३२ च्या खालच्या क्रमांकाची अक्षरं चालत नाहीत. क्वेरीची तारखेची मर्यादा अर्धी-अर्धी करत गेलं की ते तिकीट सापडतं; ब्राउझरमधून त्यातला मजकूर साफ केला की सिंक पुन्हा चालू होतं.