बेल्टवर चालणारी क्रूझर: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ही मोटारसायकल मी जुनी म्हणून घेतली. तिचे वजन, ॲव्हरेज आणि ताकद यांविषयी मी इथे लिहिणार नाही. मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डी सिग्नलवर उजवी मांडी भाजते, एवढे सांगून मी तो विषय संपवतो. घेण्याचे खरे कारण बेल्ट हेच होते, म्हणजे चेनऐवजी इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा दातेरी पट्टा. आधीच्या गाडीची चेन दर पाचशे किलोमीटरला धुणे, स्प्रे मारणे आणि ताण तपासणे यांत माझी आठ वर्षे गेली होती, आणि स्प्रेच्या प्रत्येक डब्याचा खर्च मी वहीत लिहून ठेवत असे. बेल्टला तेल लागत नाही, तो आवाज करत नाही आणि मागच्या रिमवर काळे शिंतोडे उडत नाहीत. पहिले ११ महिने मी भेटेल त्याला हेच सांगत होतो.

ऑगस्टमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ आपापल्या गाड्यांवर चिखलदऱ्याला निघालो. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती आणि परतवाडा हा नेहमीचाच मार्ग होता. परतवाड्याच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू असल्याने काही किलोमीटर ओल्या गिट्टीवरून जावे लागले. पुढे घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये एका वळणावर चढताना फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, इंजिन एकदम मोकळे ओरडले आणि गाडीची ओढ संपली. बेल्ट तुटला होता.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. बेल्ट तुटला की इंजिनाचा मागच्या चाकाशी संबंधच उरत नाही. त्यामुळे गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीही उतारावर घरंगळते आणि खाली येताना इंजिनाचा अटकाव मिळत नाही. तुटलेला बेल्ट चाकात गुंडाळला जाऊ नये म्हणून आम्ही तो आधी ओढून काढला, मागच्या चाकाला दगड लावून श्वास घेतला, आणि मग दोनशे किलोंहून जड गाडी केवळ दोन ब्रेकांच्या भरवशावर, पावसाने ओल्या रस्त्यावरून धामणगाव गढीपर्यंत उतरवली.

तिथल्या मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, चेन असती तं लिंक टाकून आत्ता सोडलं असतं तुमाले. याले मी काय करू?" त्याचे म्हणणे बरोबर होते. हा बेल्ट अखंड असतो, त्याला जोड नसतो. माझ्या गाडीत नवा बसवायचा तर मागचे चाक आणि स्विंगआर्म (ते चाक धरून ठेवणारा दांडा) दोन्ही उतरवावे लागतात. म्हणजे बॅगेत जादा बेल्ट असता तरी रस्त्याच्या कडेला त्याचा उपयोग झाला नसता. शेवटी छोटा हत्ती ठरवून ६,५०० रुपयांत गाडी नागपूरला आणली, आणि त्या रात्री मी ती विकायचे ठरवले होते.

माझे मत बदलले ते जुना बेल्ट टेबलावर सरळ पसरून पाहिल्यावर. त्याचे सगळे दात शाबूत होते, कुठेही भेग नव्हती. मात्र तुटल्या जागी, अगदी कडेला, तुरीच्या दाण्याएवढा खळगा होता आणि तिथले आतले तंतू कापलेले दिसत होते. या बेल्टची सगळी ताकद त्याच्या आतल्या अ‍ॅरामिड (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा) किंवा कार्बनच्या तंतूंत असते. पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते दातेरी चाक) आणि बेल्ट यांच्यामध्ये खडा सापडला की तो पुलीच्या दाबाने आत घुसतो, आणि इजा कडेला असेल तर बेल्ट तिथूनच फाटत जातो. बेल्ट झिजून तुटला नव्हता. त्याला खड्याने मारले होते.

हा खडा आत गेला कसा, या प्रश्नावर माझे सर्व्हिस सेंटरशी भांडण झाले. बेल्टच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचे एक संरक्षक झाकण असते. जूनमध्ये मागचा टायर बदलताना ते काढले गेले आणि परत बसवलेच नाही. तेव्हा मी विचारले होते, त्यावर "त्याने काही फरक पडत नाही" असे उत्तर मिळाले, आणि जॉबकार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीत, झाकणाचा उल्लेखही झाला नाही. आता मात्र तेच लोक याला रस्त्यामुळे झालेले नुकसान म्हणत होते. गाडी टायरसाठी देण्यापूर्वी मी चारही बाजूंनी काढलेले फोटो त्यांच्यासमोर ठेवले, त्यांत झाकण स्पष्ट दिसत होते. तीन खेपा झाल्यावर मजुरी माफ झाली आणि झाकण फुकट मिळाले. बेल्टचे १३,८०० रुपये मात्र मलाच भरावे लागले, आणि सुटा भाग येईपर्यंत ११ दिवस गाडी पडून होती.

नव्या बेल्टवर २,९०० किलोमीटर झाले आहेत आणि गाडी विकण्याचा विचार मी सोडला आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आज खाली वाकून ते झाकण जागेवर आहे का, ते पाहावे. टायर किंवा पंक्चरसाठी चाक उतरवले, तर झाकण आणि बेल्टचा ताण या दोन्ही गोष्टी जॉबकार्डवर लिहून घ्याव्यात. गिट्टीवरून गेल्यावर मी आता पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतो, न्यूट्रलमध्ये चाक हळूहळू ढकलत बेल्टच्या दोन्ही कडा टॉर्चने पाहतो. याला तीन मिनिटे लागतात. त्या झाकणाची छापील किंमत ७४० रुपये आहे.