क्योटो: जुलै की नोव्हेंबर?

जुलैभर गिओन मात्सुरी चालतो. इ.स. 869 मध्ये रोगराई टळावी म्हणून सुरू झालेला हा उत्सव. 17 तारखेच्या मिरवणुकीतले मोठे रथ बारा टनांपर्यंतचे आणि त्यांची चाकं वळतच नाहीत! म्हणून चौकात बांबूच्या पट्ट्या अंथरून, त्यावर पाणी मारून, दोरखंडांनी अख्खा रथ आडवा ओढतात. बघताना अंगावर काटा येतो. उकाडा मात्र जीव नकोसा करतो.

नोव्हेंबरअखेरीस हवा गार असते. तोफुकुजी मंदिरातल्या पुलाखालची घळ मेपलनं लालभडक होते. गर्दी तिथेही तोबा. याच मंदिरातली शेवाळ आणि दगडी फरशांची 1939 सालची चौकटीदार बागही चुकवू नका.

मंदिरं-बागांसाठीच जाणार असाल तर नोव्हेंबर. एकदाच जमणार असेल, तर मी जुलैच सुचवेन.