बिलावर नसलेले आकडे

घरातल्या रिकाम्या खोलीत व्यायामाची सोय करावी, असे बरीच वर्षे मनात होते, आणि अखेर ते अमलात आणताना मी फसलो. ही फसवणूक चोरीसारखी उघड नव्हती. ठरलेली प्रत्येक वस्तू सांगितलेल्या दिवशी दारात आली, त्यामुळे आपण फसलो आहोत हे मान्य करायलाच मला दीड महिना लागला. आले नाहीत ते फक्त आकडे: मोटरच्या अश्वशक्तीचा, प्लेट्सच्या वजनाचा आणि लोखंडी नळीच्या जाडीचा.

मला एक ट्रेडमिल, स्टँड असलेला बेंच, एक बार आणि प्लेट्स हव्या होत्या. विक्रेत्याने फोनवर छायाचित्रे पाठवली, प्रत्येक प्रश्नाला न अडखळता उत्तर दिले आणि इतर ठिकाणच्या जवळपास निम्म्या किमतीत सगळा संच देऊ केला. अट एवढीच, की रक्कम त्याच दिवशी आणि थेट त्याच्या खात्यात भरायची. दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याला चार शब्द सुनावले असते, पण स्वतःची वेळ आली तेव्हा सौदा हातचा जाईल या भीतीने सगळी रक्कम एकाच वेळी पाठवून मोकळा झालो. कार्डाने पैसे भरले असते तर निदान बँकेकडे तो व्यवहार वादात टाकण्याची सोय राहिली असती. बदल्यात जे बिल आले त्यावर ‘व्यायाम साहित्य, १ संच’ एवढेच लिहिले होते. मॉडेल क्रमांक नाही, अश्वशक्ती नाही, किलो नाहीत. त्या वेळी मला ते नीटनेटके वाटले, आणि माझी खरी चूक तिथेच झाली.

माल पोहोचवायला आलेल्या दोघांनी खोकी दाराशी ठेवली आणि गाडी खाली थांबली आहे, लवकर सही करा, असे सांगून कागद पुढे केला. ‘सर्व माल तपासून सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली मी बंद खोक्यांकडे पाहत सही केली. ‘खोकी न उघडता सही केली आहे’ एवढे चार शब्द हाताने लिहायला कोणी मनाई केली नव्हती.

ट्रेडमिल पहिला आठवडा चालण्यापुरती ठीक वागली. वेग ताशी आठ किलोमीटरवर नेऊन धावायला लागलो, तेव्हा दर वेळी पाऊल टेकले की पट्टा क्षणभर अडायचा आणि पुन्हा सुटायचा. पायाखालची सतरंजी कोणीतरी हळूच ओढावी, तशी ती भावना होती. वीस मिनिटांत पुढच्या झाकणाखालून तापलेल्या वार्निशसारखा वास येऊ लागला. विक्रेता आधी म्हणाला की पट्टा कोरडा पडला असेल, म्हणून मी पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडले. नंतर त्याने घरातल्या विजेला दोष दिला, आणि शेवटी माझ्या वजनाला. माझे वजन चौऱ्याऐंशी किलो आहे आणि त्याच्या छायाचित्रावर १२० किलोची मर्यादा ठळक छापलेली होती. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार यंत्रावर येतो हे खरे आहे, पण तो हिशेब ती मर्यादा छापणाऱ्याने करायचा असतो.

एका रविवारी प्लग काढून मी झाकणाचे चार स्क्रू सोडवले. झाकणावर बाहेरून ‘४ एचपी’ असा झगझगीत स्टिकर होता. आत मोटरच्या अंगावर मात्र एक छोटी, धुळीने माखलेली पट्टी होती. बोटाने पुसल्यावर तिच्यावर १८० व्होल्ट आणि ६ अँपियर असे आकडे दिसले. दोहोंचा गुणाकार १०८० वॅट होतो, आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ही मोटर सततच्या कामात जेमतेम दीड अश्वशक्तीएवढी वीज घेते, आणि पट्ट्यापर्यंत पोहोचणारी ताकद त्याहूनही कमी. खरोखर चार अश्वशक्ती असती, तर हा आकडा तीन हजार वॅटच्या आसपास असायला हवा होता. फोन केल्यावर विक्रेता जराही न चपापता म्हणाला, “साहेब, ती पीक एचपी आहे.” पीक म्हणजे मोटर क्षणभर जास्तीत जास्त देऊ शकेल ती ताकद. अर्धा तास धावणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही, त्याला हवी असते सततची अश्वशक्ती. पैसे देण्यापूर्वी मोटरवरच्या पट्टीचे छायाचित्र मागावे, हे मला तेव्हा सुचले नाही. आणि झाकण मी स्वतः उघडले म्हणून मोटरची वॉरंटी संपली, हे त्याने त्याच संभाषणात, अगदी मायेने, सांगून टाकले.

तो अनुभव आल्यावर मी प्लेट्सकडे संशयाने पाहू लागलो. संच ‘१०० किलोचा’ होता, पण प्लेट्सवर छापलेल्या वजनांची बेरीज सत्तरच भरत होती. उरलेले तीस किलो म्हणजे बार, डंबेलचे दोन दांडे आणि क्लिपा, असे उत्तर मिळाले. मग घरातला वजनकाटा काढला. आधी पाण्याने भरलेला दहा लिटरचा कॅन मोजला आणि रिकाम्या कॅनचे वजन वजा करून काटा बरोबर असल्याची खात्री केली. त्यानंतर एकेक प्लेट छातीशी धरून काट्यावर उभा राहिलो आणि दर वेळी स्वतःचे वजन वजा करत गेलो. ‘१० किलो’ लिहिलेल्या चार प्लेट्स अनुक्रमे ८.६, ८.९, ९.४ आणि ८.८ किलोच्या निघाल्या. स्वस्तातल्या लोखंडी प्लेट्समध्येही थोडाफार फरक असतो, तो समजण्यासारखा आहे. या मात्र लोखंडी नव्हत्याच, प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेले होते. ओतीव लोखंड काँक्रीटच्या साधारण तिप्पट जड असते, त्यामुळे तेवढेच वजन दाखवायला या प्लेट्स बऱ्याच जाड कराव्या लागतात, आणि बारच्या टोकाला दोन-तीन चढवल्या की पुढे जागाच उरत नाही. एका बाजूला ८.६ आणि दुसऱ्या बाजूला ९.४ किलोची प्लेट आली की एक खांदा आधी का दमतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. त्याआधी मी डाव्या हाताला उगाच दोष देत होतो.

बार ‘ऑलिंपिक, वीस किलो’ असा सांगितला होता. ऑलिंपिक बारची लांबी सुमारे २.२ मीटर आणि वजन २० किलो असते, आणि ज्या टोकांवर प्लेट्स बसतात ती ५० मिलिमीटर व्यासाची असून मधल्या दांड्यापासून स्वतंत्र फिरतात. माझ्याकडचा बार १.८ मीटरचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या २८ मिलिमीटर जाडीचा साधा दांडा होता आणि ८.७ किलो भरला. फरशीवर घरंगळत सोडला तर मध्यभाग वर-खाली होताना दिसतो, म्हणजे दांडा सरळही नाही. ही चाचणी दोन सेकंदांची आहे आणि दुकानातही करता येते, पण मी दुकान पाहिलेच नव्हते.

बेंचची गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते, कारण तिथे विक्रेत्याने माझ्या अज्ञानाचाच वापर केला. नळी किती जाड आहे असे मी विचारले होते, म्हणजे विचारण्याची अक्कल होती. तो म्हणाला, “दुसरे चौदा गेज देतात, आम्ही अठरा देतो.” चौदापेक्षा अठरा मोठे, म्हणून मी खूश झालो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, हे मला माहीत नव्हते: ११ गेज म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, १४ म्हणजे सुमारे २, आणि १८ म्हणजे जेमतेम १.२. येथे तो शब्दशः खरे बोलला होता. पायाचे प्लास्टिकचे टोपण काढून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचे साधन, लावला, तेव्हा आकडा १.२ आला. बेंचवर छापलेल्या भारमर्यादेत झोपणाऱ्याचे वजन आणि हातातला बार हे दोन्ही धरायचे असतात, हेही मला नंतरच कळले. चेहऱ्यावर बार घेऊन जिथे झोपायचे, तिथे एवढी पातळ नळी पाहिल्यावर मी तो स्टँड वापरणे बंद केले.

मी वजनांची यादी, छायाचित्रे आणि मोटरच्या पट्टीचा फोटो जोडून लेखी तक्रार पाठवली. उत्तर दोन ओळींचे होते: बिलात नमूद केलेला संच पूर्ण पाठवला आहे, आणि माल तपासून घेतल्याची सही आपली आहे. दोन्ही विधाने खोटी नव्हती. फोनवरचे बोलणे माझ्याकडे नोंदलेले नव्हते आणि छायाचित्रांखाली बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ नमुन्यादाखल’ असे छापलेले होते. परत पाठवायचे तर वाहतुकीचा खर्च माझा, आणि तो माल घेऊन जाईपर्यंत खोकी मूळ स्थितीत हवीत, अशी अट. खोकी मी पहिल्याच दिवशी फाडून टाकली होती.

ट्रेडमिल आता चालण्यापुरती वापरतो, ताशी पाच किलोमीटरच्या वर नेत नाही. नवा बेंच घेताना मॉडेल क्रमांक, मिलिमीटरमधली जाडी आणि भारमर्यादा बिलावर लिहून मागितली. एका विक्रेत्याने ‘एवढे कोण लिहून देतो’ म्हणून फोन ठेवला, दुसऱ्याने दिले. जुन्या प्लेट्स मात्र टाकल्या नाहीत. छापलेल्या आकड्यावर पांढरा रंग फासून प्रत्येकीवर तिचे खरे वजन लिहिले आहे, आणि आता ८.८ आणि ८.९ अशी जोडी लावून बार उचलतो.