पोझिशनल बुद्धिबळ शिकायचे तर कोणाचे डाव: इंजिनांचे की उस्तादांचे?

रविवारच्या रॅपिड स्पर्धा नेमाने खेळणारा, १५००-१६०० रेटिंगच्या आसपास रेंगाळलेला पुण्यातला खेळाडू बहुधा एकाच जागी अडतो. टॅक्टिक्स, म्हणजे मोहरे मारण्या-वाचवण्याच्या थेट युक्त्या, बऱ्यापैकी जमलेले असतात, ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, बारा-पंधरा चालींपर्यंत पाठ असते. पण त्यानंतर पटावर काही पेटलेले नसले की करायचे काय, हेच सुचत नाही. अशा वेळी मोहरे आणि प्यादी कुठे असावीत याची समज म्हणजेच पोझिशनल बुद्धिबळ. मग हत्ती उगाच एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि घड्याळ पळत राहते. या टप्प्यावर त्याला हल्ली दोन सल्ले मिळतात. पहिला असा की कापाब्लांका, रुबिन्स्टाइन, पेट्रोस्यान, कार्पोव या जुन्या उस्तादांचे टिपांसह छापलेले डाव पट मांडून स्वतः खेळून पाहावेत. दुसरा असा की ते सारे आता जुने झाले. जगातले सर्वांत अचूक बुद्धिबळ आज इंजिने, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रॅम, एकमेकांशी खेळतात, ते डाव फुकट मिळतात, तेव्हा पोझिशनल समज तिथूनच घ्यावी. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण दोन्ही एकाच माणसासाठी नाहीत. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला चार-पाच तास काढू शकणाऱ्याने ते कुठे घालवावेत, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

इंजिनांचे डाव म्हणजे नेमके कोणते, हे आधी पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने आपल्या अल्फाझीरो इंजिनाच्या, स्टॉकफिश ८ या बलाढ्य इंजिनाविरुद्धच्या शंभर डावांचे निकाल जाहीर केले: २८ विजय, ७२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. माणसांचा एकही डाव न पाहता, केवळ स्वतःशी खेळून अल्फाझीरो शिकले होते. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती तपासत होते, तर अल्फाझीरो जेमतेम ऐंशी हजार. त्या सामन्याच्या वेळमर्यादेवर आक्षेप घेतले गेले ते योग्यच होते, पण शिकणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला हे मुक्त-स्रोत इंजिन आले, आणि २०२० मध्ये स्टॉकफिशनेही स्थितीच्या मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारले. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत यांची गाठ वारंवार पडते आणि तिथले सगळे डाव उतरवून घेता येतात. म्हणजे साठा अफाट आहे. अडचण पुरवठ्याची नसून पचनाची आहे.

हे दोन नमुने शेजारी ठेवले की लगेच दिसते. पहिला, १९५३ च्या झ्युरिच स्पर्धेतला रेशेव्हस्की–पेट्रोस्यान. पांढऱ्याची डी४ आणि ई५ वरची (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) प्यादी पुढे सरकण्याच्या बेतात आहेत, काळा, म्हणजे पेट्रोस्यान, आक्रसून बसला आहे. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यान आपला हत्ती ई६ वर आणून ठेवतो, तिथे पांढरा उंट त्याला सरळ मारू शकतो. हत्ती देऊन उंट घेणे हा हिशेबाने तोटा आहे. पण हत्ती सरकल्याने ई७ चे घर मोकळे होते, तिथून घोडा डी५ वर जातो, आणि एकदा तो तिथे बसला की पांढऱ्याची प्यादी जागच्या जागी थिजतात व त्याच्या हत्तींना शिरायला वाट उरत नाही. डाव बरोबरीत सुटला. या चालीमागचे कारण एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य लक्षात राहिले की पुढच्या महिन्यात स्वतःच्या डावात तसे घर, तसा घोडा ओळखता येतो.

दुसरा नमुना अल्फाझीरोच्या २०१७ च्या प्रसिद्ध डावांपैकी, क्वीन्स इंडियन बचावातला. सातव्या चालीला प्यादे देऊन झाले आहे. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याचा घोडा एच६ वर अडकलेला, काळ्या राजाच्या तोंडाशी. आणि अल्फाझीरो त्याला वाचवण्याऐवजी शांतपणे हत्ती ई१ वर नेते. राजा घोडा खातो. शह नाही, मात देण्याची धमकीही नाही. पुढे सव्विसाव्या चालीला पांढरा वजीर पटाच्या पार कोपऱ्यात, एच१ वर जाऊन बसतो, आणि काळ्याची स्थिती हळूहळू गुदमरत जाते. त्याचा बी८ वरचा घोडा चालींनी तिशी ओलांडली तरी जागचा हललेला नसतो. डाव विलक्षण सुंदर आहे. पण हत्ती ई१ वरच का, त्याच क्षणी का, हे एका वाक्यात कोणालाच सांगता येत नाही. ‘काळ्याचे मोहरे विकसित नाहीत आणि राजा उघडा आहे’ हे उत्तर खरे आहे, पण तेवढ्यावर १६०० चा खेळाडू घोडा सोडून देऊ लागला तर तो हरेल. इंजिनाच्या शांत चालीखाली टॅक्टिक्सचा खोल पाया असतो. नऊ-दहा चालींनंतरचा एखादा बारकावा आज ती चाल तारून नेतो. आपल्याला वरची चाल दिसते, तो पाया दिसत नाही.

याहून महत्त्वाचा फरक प्रतिस्पर्ध्याचा आहे, आणि या तुलनेत त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पोझिशनल योजना शिकायची तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडताना पाहावी लागते. १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमधला कार्पोव–उन्झिकर डाव घ्या. ए-पट्टीवर दोघांचे हत्ती समोरासमोर, आणि आता अदलाबदल होऊन सगळे निवळणार असे वाटत असताना चोविसाव्या चालीला कार्पोव उंट ए७ वर नेऊन पट्टीच बंद करतो. उंटाच्या आडोशाने तो आपले हत्ती सावकाश एकामागे एक लावतो. काळ्याला अदलाबदलही करता येत नाही आणि पट्टी सोडताही येत नाही. त्याचे मोहरे असे एका बाजूला खिळले की डाव राजाच्या बाजूला वळतो आणि तिथे संपतो. हे सारे आपल्याला दिसते, कारण उन्झिकर हा उत्तम ग्रँडमास्टर असला तरी माणूस होता. धोका पुरता उमगेपर्यंत उशीर झाला होता. समोर इंजिन असते तर त्याने कित्येक चाली आधीच तो बेत हेरून वेगळी वाट धरली असती. इंजिनांच्या डावांत बहुसंख्य योजना अशा न घडताच विरतात: एकाने मनसुबा रचला, दुसऱ्याने तो वेळीच मोडला, आणि पटावर उरल्या चार-दोन अगम्य वाटणाऱ्या हत्तीच्या चाली. जाणकाराला त्या न घडलेल्या योजनाही वाचता येतात, शिकणाऱ्याला मात्र नुसती शांतता दिसते. आणि रविवारी समोर बसणारा प्रतिस्पर्धी उन्झिकरहूनही कितीतरी उशिरा जागा होणारा असतो, त्यामुळे जुन्या डावांत शिकलेली योजना प्रत्यक्षात वापरायला मिळते, ही व्यावहारिक बाब वेगळीच.

आता इंजिनांची बाजू. ती दुबळी नाही, आणि जुन्या डावांची भलामण करणारे तिच्याकडे सोयीस्कर काणाडोळा करतात. छापील टिपांचा मोठा दोष असा की त्या निकाल ठाऊक झाल्यावर लिहिलेल्या असतात. जिंकणाऱ्याची प्रत्येक चाल योजनेचा भाग ठरते, हरणाऱ्याचा प्रत्येक बचाव कमकुवत ठरतो, आणि मध्येच घडलेला ढोबळ प्रमाद ‘दबावाचा परिणाम’ म्हणून खपून जातो. अशा कित्येक टिपा आज इंजिन लावताच कोसळतात. इंजिनांच्या डावांत हा पक्षपात नसतो.

शिवाय टीसीईसीच्या अंतिम सामन्याची रचना अभ्यासासाठी फारच उपयोगी आहे. नेहमीच्या सुरुवातीपासून खेळवले तर ही इंजिने जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सोडवतात, म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग ठरवून दिल्या जातात आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवली जाते. शंभर डाव म्हणजे पन्नास जोड्या. एकाच स्थितीतून एका इंजिनाने पांढऱ्याकडून जिंकावे आणि दुसऱ्याला पांढऱ्याकडून बरोबरीच साधावी, असे घडले की दोन्ही डाव शेजारी लावून वाटा कुठे फुटल्या ते शोधायचे. प्रत्येक चालीसोबत त्या इंजिनाचे स्वतःचे मूल्यांकन आकड्यात नोंदलेले असते. जिथे एक म्हणते ‘बरोबरी’ आणि दुसरे म्हणते ‘पांढरा स्पष्ट वरचढ’, तीच थांबून विचार करण्याची जागा. किंग्ज इंडियन किंवा फ्रेंचसारखी बंद केंद्राची (मधली प्यादी एकमेकांना अडवून बसतात अशी) ओपनिंग तुम्ही खेळत असाल तर अशी एक जोडी शंभर चालींच्या पाठांतराहून अधिक देऊन जाते. माणसांच्या डावसंग्रहांत इतकी नेटकी तुलना सहसा मिळत नाही.

मात्र त्या आकड्यांबाबत एक सावधगिरी. पूर्वी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी असे समजत. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून हा आकडा अशा रीतीने बसवला आहे की +१.०० म्हणजे त्या इंजिनाने स्वतःशी खेळल्यास विजयाची शक्यता पन्नास टक्के. हे गणित इंजिनाच्या ताकदीचे आहे, तुमच्या-माझ्या नाही. +०.८ दाखवणाऱ्या स्थितीत आपल्या पातळीवर काळ्यालाच खेळणे सोपे असू शकते, कारण पांढऱ्याला ती आघाडी टिकवायला सलग सहा वेळा एकमेव अचूक चाल सापडावी लागते आणि काळ्याच्या चाली हाताशी असतात. हा भेद आकडा दाखवत नाही. टिपा लिहिणारा बरा ग्रँडमास्टर दाखवतो. आणखी एक उणीव म्हणजे दोन्ही इंजिनांचे निकालाबाबत एकमत झाले की डाव तिथेच थांबवला जातो. मिळालेली आघाडी विजयापर्यंत नेण्याचे तंत्र, म्हणजे आपल्या खेळाडूचे नेमके दुखणे, पाहायलाच मिळत नाही. त्यासाठी १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कापाब्लांका–टार्टाकोव्हर हा हत्तींचा अंत्यखेळ (मोजकेच मोहरे उरल्यावरचा डावाचा शेवटचा टप्पा) पाहावा, ज्यात राजा वाटेतली प्यादी देत पुढे शिरतो आणि शेवटपर्यंत एकही चाल गूढ राहत नाही.

तिसरी एक वाट आहे, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी तीच मधली म्हणून ठीक पडते: आजच्या अव्वल माणसांचे डाव. हे खेळाडू इंजिनांवरच पोसलेले आहेत. तेव्हाचा जगज्जेता कार्लसन याने २०१९ मध्ये अल्फाझीरोचा आपल्या खेळावर झालेला परिणाम उघडपणे मान्य केला. कडेचे एच-प्यादे लवकर पुढे रेटून समोरच्या राजाभोवतीची जागा कायमची आखडून टाकणे ही कल्पना तेव्हापासून सर्वत्र रुळली. इंजिनाची कल्पना इथे माणसाच्या पचनी पडून येते: जे समजण्यासारखे तेवढे उरते, बाकीचे गळून पडते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातच झालेल्या आणि कोनेरू हंपीने जिंकलेल्या महिला ग्रां प्रीचे डाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. वेळेच्या दडपणाखाली माणूस इंजिनाने सुचवलेली योजना कुठवर निभावतो, हे त्यांत दिसते. पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले तेव्हा घरच्या संगणकावरचे इंजिन टॅक्टिक्स तपासायला ठीक होते, पोझिशनल समज देण्याइतके नव्हते. त्या पिढीपुढे ही निवडच नव्हती.

खर्चाचा मुद्दा चटकन निपटतो. स्टॉकफिश आणि लीला दोन्ही मोफत आहेत. लीलाला चांगले ग्राफिक्स कार्ड असले तर बरे, स्टॉकफिश साध्या लॅपटॉपवर पुरेसे चालते, लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर तर ब्राउझरमध्येच. टिपांसह डावांची पुस्तके अप्पा बळवंत चौकात शोधली तर काही सापडतात, उरलेली मागवावी लागतात. सरावाला माणसासारखा खेळणारा संगणक हवा असेल तर लिचेसवरच्या खेळाडूंच्या डावांवरून, ११०० ते १९०० अशा पातळ्यांवर घडवलेले माइया पाहावे. पोझिशनल शिक्षक म्हणून त्याचा उपयोग नाही.

मग कोणी काय निवडावे? मार्च २०२४ पासून फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने किमान रेटिंग १४०० केले आहे. तिथपासून सुमारे १७०० पर्यंतच्या खेळाडूने इंजिनांचे आपापसांतले डाव अभ्यास म्हणून हाती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. करमणूक म्हणून अवश्य पाहावेत. त्याने टिपांसहचे जुने डाव घ्यावेत, चाल झाकून आपली चाल व तिचे कारण एका ओळीत वहीत लिहावे, मगच पुढची चाल उघडावी; आणि टीप पटली नाही तर तेवढ्यापुरते इंजिन लावावे. १७०० ते २००० च्या टप्प्यात बहुतांश वेळ आजच्या ग्रँडमास्टरांच्या डावांना द्यावा आणि महिन्याला आपल्या ओपनिंगमधली टीसीईसीची एखादी जोडी घ्यावी. त्यापुढच्याला इंजिनांचे डाव टाळून चालणारच नाही, कारण त्याचे प्रतिस्पर्धी ते पाहूनच येतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांचा प्रश्न वेगळा आहे. क्लासहून आल्यावर मूल लॅपटॉपवर इंजिनांचे डाव भराभर पुढे सरकवत बसत असेल, तर एक साधी चाचणी घ्यावी: कोणत्याही शांत चालीवर थांबवून ‘ही का खेळली?’ असे विचारावे. उत्तरात आकडा आला तर लॅपटॉप मिटवून पट मांडावा. घर, प्यादे किंवा मोहरा आला, मग ते कारण चुकीचे का असेना, तर त्याला पुढे पाहू द्यावे.