बोन मॅरोची डीटीसी टेस्ट: ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटने करावी का?

पाचपैकी तीन स्टार देतेय, आणि ते तिन्ही स्टार लॅबच्या कामाला.

गाठीतून सुटून बोन मॅरोत जाऊन बसलेल्या एकट्यादुकट्या कॅन्सर पेशी (डिसेमिनेटेड ट्यूमर सेल, म्हणजेच डीटीसी) शोधायची ही टेस्ट. कमरेच्या हाडातून सुईने मॅरो ओढून घेतात. माझा ऑपरेशनच्या वेळीच भुलीत घेतला त्यामुळे तेव्हा काही कळलं नाही, नंतर थोडे दिवस त्या कुशीवर झोपलं की ठणकायचं एवढंच.

खरी मेहनत पुढे आहे. मॅरोतल्या पेशी वेगळ्या करून स्लाइडवर पसरायच्या आणि सायटोकेराटिनला चिकटणारी अँटिबॉडी लावून रंगवायच्या. हे प्रोटीन स्तनाच्या पेशींत असतं, मॅरोच्या स्वतःच्या पेशींत सहसा नसतं, म्हणून रंगलेली दिसली की ती बाहेरून आलेली. आणि ती वीस वीस लाख पेशी चाळून कधी एखादीच सापडते हो! वर मॅरोच्याच काही पेशी उगाच रंग धरतात, म्हणून शेवटी अनुभवी माणसाने डोळ्याने बघूनच ठरवावं लागतं. या चिकाटीला माझा खरंच सलाम.

निकालाला अर्थ नाही असंही नाही. २००५ मध्ये ४७०३ पेशंटचा एकत्रित अभ्यास आला, त्यात ३०.६ टक्के जणींच्या मॅरोत अशा पेशी होत्या आणि त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं न् मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. २०११ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, लहान गाठ असलेल्या आणि काखेत हाताला काही न लागणाऱ्या बायकांत, फक्त ३ टक्के! पेशंट आणि पद्धत बदलली की आकडा इतका हलतो, त्यामुळे दुसरीच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका.

दोन स्टार कापले कारण माझा पॉझिटिव्ह आला आणि ट्रीटमेंट तीच राहिली, केमो तीच, हॉर्मोनची गोळी तीच. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे ॲस्कोने, २००७ मध्येच रोजच्या उपचारासाठी ही टेस्ट वापरू नका असं सांगितलंय, पण सही घेताना मला हे कुणी बोललं नाही आणि त्याचा मला अजून राग आहे. पॉझिटिव्ह असून कधीच परत न आलेल्या बायका भरपूर आहेत, निगेटिव्ह असून परत आलेल्याही आहेत, हे मला नंतर वाचून कळलं, तोवर रात्र रात्र झोप नव्हती.

ट्रायलमध्ये, म्हणजे नवा उपचार तपासायच्या अभ्यासात असाल तर मात्र जरूर करा. झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांच्या औषधाने या पेशी कमी होतात का हे याच टेस्टने तपासलं गेलं, आणि आता हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (मलेरियाचं जुनं औषध), एव्हरोलिमस (कॅन्सरचं औषध) देऊन या झोपलेल्या, म्हणजे न वाढता पडून राहिलेल्या पेशींनाच गाठायचे प्रयत्न चाललेत, मला तिथे खूप आशा वाटते. ट्रायल नसेल तर सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, पॉझिटिव्ह आली तर माझ्यासाठी काय वेगळं करणार? उत्तर "काही नाही" असेल तर सुई टोचून घेऊ नका.