जुनी उबेर्ती घेतली: रिव्हॉल्व्हर झकास, स्क्रू मात्र कुणीतरी खाल्लेले

गेली दोन वर्षं डोक्यात होतं की एक काउबॉय रिव्हॉल्व्हर घ्यायचंच, पण कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या ओरिजिनलचे भाव बघितले की माणूस गपचूप इटलीकडे वळतो. उबेर्ती ही तिथल्या गार्दोनेची कंपनी, १९५९ पासून जुन्या अमेरिकन बंदुकांच्या नकला बनवतेय, आता बेरेटाच्या मालकीची. रेप्लिका म्हटल्यावर बायकोला वाटलं भिंतीवर लावायचं शोपीस. नाही बाई, खरी गोळी मारणारं आहे, नक्कल फक्त कोल्टच्या १८७३ च्या डिझाइनची.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या बाहेर एका पॉन शॉपमध्ये, म्हणजे गहाणवट्याच्या दुकानात, सापडलं. कॅटलमन मॉडेल, पॉइंट ३५७ मॅग्नम जातीच्या काडतुसाचं, साडेपाच इंची नळी. पॉइंट ३५७ च का, तर त्यात पॉइंट ३८ स्पेशल ही कमी जोराची गोळी पण चालते आणि ती स्वस्त पडते. फ्रेमवर छोट्या चौकटीत सीबी अक्षरं होती, इटलीच्या सरकारी तपासणीचा शिक्का असतो तो, सीबी म्हणजे २००७. काउंटरवरच्या पोराला हे माहीतच नव्हतं, तो म्हणे एकदम नवीनच आहे सर!

आता मुख्य गोष्ट. हे सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे दर गोळीला घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) अंगठ्याने मागे ओढायचा, चाप फक्त तो सोडायचं काम करतो. म्हणून जुनं घेताना आधी विचारून, रिकामं आहे ना ते स्वतः बघून, घोडा अगदी सावकाश ओढा आणि कान द्या. चार टिक ऐकू येतात, आणि घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर, म्हणजे गोळ्यांच्या घरांचं फिरतं नळकांडं, जागेवर घट्ट अडकून बसला पाहिजे. झटक्यात ओढलं तर सिलिंडर स्वतःच्या जोरावर पुढे जाऊन बसतो आणि दोष लपतो. माझ्यात सहापैकी दोन घरांना तो केसभर मागे राहत होता, बोटाने ढकलला की बसायचा. म्हणजे सिलिंडर फिरवणारा आतला तुकडा झिजलेला. शिवाय सिलिंडर जिथे अडकतो त्या खाचांच्या कडा पण चेपलेल्या, आधीच्या मालकाने सिनेमात बघून तळहाताने घोड्यावर फटाफट चापट्या मारल्या असणार. आणि स्क्रूंची डोकी तर उंदराने कुरतडल्यासारखी, घरातला पहिला मिळाला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला दिसतो बाबा. नळी मात्र आतून आरशासारखी होती.

हे सगळं दाखवल्यावर ४५० चे ३९० झाले, टॅक्स धरून ४२२ डॉलर. मग बंदूक घेताना भरायचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म, त्यात ग्रीन कार्डचा नंबर, आणि बॅकग्राउंड चेक अडकला तो दोन दिवसांनी क्लिअर झाला. तेवढ्यात दुकानाने माझं रिव्हॉल्व्हर परत शोकेसमध्ये किमतीच्या चिठ्ठीसकट ठेवलेलं, फोन केला नसता तर विकलंच असतं, यासाठी दुकानाचा एक स्टार कापला. गनस्मिथकडे तो तुकडा आणि सगळे स्क्रू बदलून घेतले, मजुरीसकट ८५ डॉलर. तरी नव्यापेक्षा स्वस्तच पडलं.

रेंजवर मजा आली, धक्का बसला की मूठ हातात वर सरकते आणि अंगठा आपोआप घोड्यापाशी जातो. पॉइंट ३८ ला तर धक्का नावालाच. गोळ्या थोड्या खाली लागतात, पण माशी (नेम धरायला नळीच्या टोकावर असलेला उंचवटा) फिक्स आहे, कानशीने जराशी घासली की वर येतील, धीर होत नाहीये अजून.

एक लक्षात ठेवा, सहा घरं असली तरी भरायच्या पाचच. एक भरा, एक सोडा, पुढच्या चार भरा, घोडा पूर्ण ओढून हळूच सोडा, म्हणजे तो रिकाम्या घरावर येतो. या जुन्या मॉडेलमध्ये घोड्याची टोची थेट काडतुसावर टेकते, हातातून पडलं तर उडू शकतं.

कोकणात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, डुकरांपासून भात राखायला, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. बाबांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तर पहिला प्रश्न, "अरे इलेक्शनला जमा करायला लागतं का तिकडे?"

रिव्हॉल्व्हरला साडेचार स्टार, दुकानाला तीन.